चुली किती?

आमच्या घरमालकांची नगर परिषदेकडे एकच तक्रार होती. त्यांना पाण्याचं बिल कमी येत होतं.

बिल हातात पडलं की दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून निघत आणि पाणीपुरवठ्याच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहत. रांगेतले बाकीचे सगळे बिल जास्त आलं म्हणून आलेले असत. त्यांचं ऐकून खिडकीतल्या बाबूचं तोंड कारल्यासारखं झालेलं असे. मग काकांचा नंबर येई.

"बोला काका. बिल जास्त आलं?"

"कमी आलं."

"मंग बरं झालं नं."

"कोनाले बरं झालं?"

बाबू बिल उलटून पाही. तो म्हणे, "कमी आल्याची तक्रार घ्याची सोय नाई काका आपल्याकडे."

"मंग करा सोय. मी बसतो."

आणि ते बसत. तिथल्या बाकावर नाही. सायकलच्या कॅरिअरला घडीची लोखंडी खुर्ची बांधून आणलेली असे, ती उघडून. आपल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला कोणी ऊठ म्हणत नाही, हा त्यांचा अनुभव होता. दुपारी शिपाई दाराला लावायचं कुलूप हातात घेऊन दाखवायचा, तेव्हा ते खुर्ची मिटून घरी यायचे आणि माडीच्या जिन्याखालून मला सांगायचे, "आज बी सोय नाई झाली."

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते. पाण्याच्या हक्कासाठी काम करणाऱ्या एका लहान संघटनेची पत्रकं मी लिहीत असे, अजूनही लिहिते. शहराचं नाव सांगत नाही. वर्धा जिल्ह्यातलं आहे, तालुक्याचं आहे, एवढं पुरे. नाव छापलं की नगर परिषद खुलासा काढते, आणि खुलाशांना उत्तरं देण्यात माझं पुष्कळ तारुण्य आधीच गेलंय.

काकांचं बिछायत केंद्र होतं. लग्नाला, तेरवीला, सभेला लागणारा मांडव, सतरंज्या, खुर्च्या, गंज, पराती, सगळं भाड्याने द्यायचं. वय झाल्यावर धंदा त्यांनी बंद केला, पण सामान विकलं नाही. ते घरात राहायला आलं. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत लहान गंजात एका वरातीचं वरण शिजलं असतं. त्यात त्या दोघांपुरती मेथी करायच्या. दिवाणावरची चादर कनातीच्या कापडाची होती, झालरीसकट. पाहुण्याला पाणी मिळे त्या ग्लासावर काकांचं नाव ठोकलेलं असे, आणि पाहुणा ग्लास खाली ठेवेपर्यंत काका त्याच्यावरून नजर काढत नसत. लग्नघरांनी परत न केलेल्या ग्लासांमुळे त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता. पाणी मात्र आल्याबरोबर विचारत. ते न विचारणाऱ्या घरी ते दुसऱ्यांदा जात नसत.

गर्दी ते खुर्च्यांत मोजत. आमच्या पहिल्या मोर्चाचं वर्णन मी पत्रकात 'अफाट जनसागर' असं केलं होतं. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "कोनता मोर्चा? थो पन्नास खुर्च्यांचा?"

पत्रकं वाचून घेण्याची मला गरज नव्हती. पण ओल्या शाईची ती जिन्यावर वाळत घातलेली असायची आणि जिना त्यांचा होता. उद्गारचिन्हाशी त्यांचं वैर होतं. माझ्या एका पत्रकात एका ओळीत तीन होती. त्यांनी बोट ठेवलं. "हे काय?"

"राग आहे काका तो."

"घरात खायले नाई अन् दारात बॅन्ड. काढ."

मी काढली नाहीत. पण पुढच्या पत्रकात दोनच आली, आणि नंतर कमीच होत गेली. ज्यांना मी आजवर शत्रू म्हटलं त्यांच्यापैकी कोणाला हे जमलेलं नाही.

सगळ्यांत राग त्यांना 'जनता' या शब्दाचा. "जनता म्हंजे किती चुली?" असं विचारत. हे कळायला आमच्याकडची पद्धत माहीत पाहिजे. आमच्या भागात जेवणाचं आवतन माणसाला नसतं, चुलीला असतं. चूलबंद आवतन म्हटलं की त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. म्हातारं, तान्हं, आलेला पाहुणा, सगळे पंगतीला. काकांनी आयुष्यभर किती गंज पाठवायचे हे चुलींवरून ठरवलं होतं. त्यामुळे आमदार असो, कीर्तनकार असो की मी, कोणी गरिबांचं नाव काढलं की त्यांचा एकच प्रश्न. चुली किती?

हा प्रश्न त्यांनी भर सभेतही विचारला होता. नगर परिषदेने मीटरची योजना आणली त्या उद्घाटनाला मांडव काकांचाच होता, त्यांचा शेवटचा. व्यासपीठावरून योजना समजावून सांगितली गेली. नळाला मीटर बसेल. थोडं पाणी वापरेल त्याला अगदी स्वस्त दर, जास्त वापरेल त्याला चढता दर, भरणार नाही त्याचा नळ बंद. ऐकायला इतकं न्यायाचं वाटत होतं की आमच्या संघटनेलासुद्धा पहिल्या दिवशी राग आला नाही, आणि आम्हाला राग यायला फार काही लागत नाही. काका मागच्या रांगेतून उठले.

"साहेब, एका नळावर चुली किती धरल्या?"

व्यासपीठावरच्यांनी आपसात विचार केला आणि माईकवरून सांगितलं, "काका, जेवणाची काळजी करू नका. सगळ्यांना पुरेल." टाळ्या पडल्या. काका बसले.

नंतर मी त्यांना टोकलं, की ज्या योजनेवर तुमचा आक्षेप, तिच्याच मांडवाचं भाडं तुम्ही घेता. ते म्हणाले, "मांडवाचा आक्षेप नोता."

आता त्या प्रश्नाचं मर्म सांगते. काकांच्या परसात विहीर होती. बाग, धुणं, आंघोळ सगळं विहिरीवर. माझ्या आंघोळीचं पाणीही मी विहिरीतून ओढून माडीवर न्यायचे. नळाचं पाणी फक्त प्यायला आणि वरणाला. माझं गाव गिरड, टेकडीपाशी. मी कुरकुर केली की म्हणत, "तू गिरडची नं? टेकडीवर पानी चढवनाऱ्याइची पोरगी. तुले जिना काऊन जड जाऊन राह्यला?" मीटर बसला आणि पहिलं बिल आलं त्यावर छापलं होतं: अत्यल्प वापर. सगळ्यांत खालचा दर. जो गरिबांसाठी म्हणून ठेवला होता, तो.

परसाच्या भिंतीपलीकडे नाल्याला लागून गोंडांची वस्ती. पाच घरं, पाच चुली, आणि नळ एक. तो सुमनबाईंच्या नवऱ्याच्या नावावर, कारण घराचा जुना कागद फक्त त्यांच्याकडे होता. बाकीच्या चौघांना कागद नाही म्हणून नळ नाही. सुमनबाई पाचही घरांना त्याच तोटीवर भरू देत. पाच घरांचं पाणी एका मीटरमधून गेलं, म्हणून त्यांच्या बिलावर छापलं होतं: अतिवापर. सगळ्यांत वरचा दर. खाली एक सूचनाही होती. पाण्याची उधळपट्टी टाळा.

सुमनबाई दुसऱ्यांची भांडी घासायच्या. उधळपट्टी हा शब्द त्यांनी मला वाचून दाखवायला लावला, मग पुन्हा एकदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा त्या हसल्या.

माझा या शब्दावर एक मोठा लेख आहे. थोडक्यात सांगायचं तर पाणी शहराला परवडतं की नाही याचं गणित सगळे मांडतात, कोणाला परवडत नाही हे विचारायला कोणी जात नाही, कारण विचारायला गेलं की दार ठोठावावं लागतं. कागदावर नळ असतो. नळाच्या पलीकडे कोण उभं आहे हे कागदाला दिसत नाही. काका हेच दोन वाक्यांत म्हणायचे.

"माहा मीटर गरीब हाय," ते बाबूला म्हणायचे. "मी नाई."

बिल वाढवून घेण्यासाठी त्यांनी एकदा स्वतःच उपाय केला. नळाला पाइप लावला आणि पाइपचं दुसरं तोंड विहिरीत सोडलं. सकाळ-संध्याकाळ नळ येई तेव्हा नगर परिषदेचं शुद्ध केलेलं पाणी काकांच्या विहिरीत पडायचं. मीटर फिरताना पाहायला ते खुर्ची टाकून बसत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सुमनबाई भिंतीवरून डोकावल्या.

"काका, आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. तुमी विहिरीले पानी पाजून राह्यले व्हय?"

काका उठले, पाइप काढला, गुंडाळला आणि पाइपासकट खोलीत गेले. दोन दिवस बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू जिन्यापाशी येऊन मला म्हणाल्या, "लाजले हायेत. तू काई इचारू नको." इतकंच. त्या महिन्यात त्यांचं बिल एका पायरीने वाढून आलं होतं. ते भरायला गेले तेव्हा बाबू म्हणाला, "आता तं समाधान झालं?" काका म्हणाले, "नाई. हे बी चुकलं."

मग मात्र ते नीट मार्गाला लागले. सुमनबाईंच्या नावाने अर्ज केला: या नळावर पाच चुली आहेत, वापर पाचांनी भागावा आणि मग दर लावावा. नगर परिषदेने अर्ज स्वीकारला, कारण तो नाकारायचा कोणी हे ठरत नव्हतं, आणि स्थळ पाहणीचा हुकूम काढला.

पाहणीला जो अधिकारी आला तो तरुण होता, सडपातळ, कोल्हापूरकडचा, नोकरीत नवा. आला तो भर दुपारी, कापूस वेचणीच्या दिवसांत. तीन दारांना कुलूप, एक नुसतं ओढून घेतलेलं. उरलेल्या दारात सुमनबाईंची सासू, तिला ऐकू येत नाही. साहेबांनी विचारलं, कुटुंबं किती. तिने त्यांना पाणी दिलं. साहेब ते प्यायले आणि त्यांनी अहवालात लिहिलं: एक कुटुंब आढळले.

मी पेटले. हंडा मोर्चाचं पत्रक तासाभरात लिहून जिन्यावर वाळत घातलं. रिकामे हंडे घेऊन बायका नगर परिषदेवर, वगैरे. काकांनी वाचलं.

"रिकामे हंडे त्याइनं लय पाह्यले, पोरी. त्याइले सवय झाली. आता भरलेले गंज दाखवू."

"म्हणजे काय?"

"चुली मोजाच्या हायेत नं त्याले? मंग जेवून मोजू दे."

अधिकाऱ्याला पुन्हा यायला लावणं सोपं गेलं नाही. काका खुर्ची घेऊन त्याच्या टेबलासमोर बसत. शेवटी त्यानेच दिवस दिला. मग वस्तीत बैठक झाली. काकांनी सांगितलं, त्या दिवशी कोणी कामावर जायचं नाही, पाचही चुली पेटल्या पाहिजेत. सुमनबाई म्हणाल्या, "एक दिवस नाई गेलं तं बाई दुसरी लावते, काका. तुमाले सोपं हाय सांगाले." काका म्हणाले, "सोपं हाय. म्हून तं मी सांगून राह्यलो. अवघड तुमी करा." त्या चिडल्या, पण थांबल्या. सगळ्याजणी थांबल्या. नळ गेला तर नाल्यापलीकडच्या हापशीवरून आणावं लागणार होतं, आणि त्या हापशीला उन्हाळ्यात नुसती हवा येते.

शिधा काकांकडून गेला. तूर त्यांच्या आंजी गावच्या शेतातली, तांदूळ, बेसन, तेल. काकू डबे रिकामे करताना म्हणाल्या, "साहेबाले जेवाले घालून राह्यले का शिक्षा देऊन राह्यले?"

"दोनी," काका म्हणाले.

साहेब आले तेव्हा पाचही दारांसमोर एकेक लोखंडी खुर्ची मांडलेली होती, पाठीवर काकांचं नाव रंगवलेली. पाच घरांतून धूर निघत होता. साहेबांनी तेवढ्यावरच वही काढली.

"दिसतायत मला. पाच."

"धूर दिसून राह्यला," काका म्हणाले. "धूर मीबी पाच ठिकानी करून दाखवतो. तुमी मागच्या वेळेस डोळ्यानं मोजून गेले, एकच निंगालं. आता बसा."

"मी जेवून आलोय काका."

"जेवून आले तं चुली कशा मोजसान?"

साहेब बसले. पहिली चूल सुमनबाईंची. गोळाभात. बेसनाचे गोळे भातात वाफवलेले, वरून हिंगाचं कडकडीत तेल. ज्याने खाल्लाय त्याला माहीत आहे की गोळाभातानंतर माणसाने आडवं व्हायचं असतं. साहेबांनी कधी खाल्ला नव्हता. त्यांना आवडला, हीच अडचण झाली. पुन्हा वाढून घेतला.

दुसऱ्या घरी पाटवडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर. साहेबांच्या कपाळावर घाम आला. रुमाल काढला. "छान आहे," म्हणाले, आणि खरंच म्हणाले. तिसऱ्या घरी वांग्याची भाजी, वर मोहफुलांचे गोड वडे. तिसऱ्या घरची बाई बोलायला फार तेज. "साहेब, सुमनच्या घरी दोनदा घेतलं म्हंते. आमच्या चुलीनं काय पाप केलं?" त्यांनी दुसरा वडाही खाल्ला. मग पट्टा एक भोक सैल केला.

चौथ्या दारात आजी उभी होती. तिचा नवरा आत खाटेवर, पुष्कळ दिवसांपासून उठलेला नाही. साहेब तिथवर चालत आले. खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी हात जोडले.

"आजी, पोटात जागा नाही हो."

आजीने परात खाली ठेवली, गंजावर झाकण ठेवलं आणि आत गेली. पाचव्या दारात रंजू होती. तरणीच, दोन लेकरं, नवरा वीटभट्टीवर. तिने सगळं पाहिलं होतं. ती दारातून हललीच नाही. साहेब तिच्या दारासमोरून मान खाली घालून गेले.

अहवाल आला. पाहणीत प्रत्यक्ष आढळलेली कुटुंबे: तीन.

मी तो हातात घेऊन जिना उतरले आणि काकांना दिला. काका खुर्चीवर बसून वाचत होते. पुष्कळ वेळ वाचत होते, ओळ तर एकच होती.

"खोटं नाई लिहित," ते म्हणाले. "जेथं जेवला तेवढंच लिवलं. असाच मानूस पायजे आपल्याले."

"काका, दोन घरं खाल्ली त्यानं."

"खाल्ली नाई. तोच तं घोटाळा हाय." मग कागदाची घडी घातली. "चूक माही हाय. इतक्या पंगती उठवल्या म्या. अन् पह्यल्याच चुलीवर गोळाभात ठेवला. जड जिन्नस शेवटी ठेवाचा असते. हे कोनालेबी समजते."

मला वाटलं ते गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते. त्यांच्या धंद्यात याहून मोठी चूक नसते.

तीन चुलींनी वापर भागला आणि सुमनबाईंचं बिल मधल्या दरावर आलं, भरण्यासारखं. पण त्याबरोबर नोटीसही आली. या जोडणीवरून तीन मंजूर कुटुंबांव्यतिरिक्त इतर दोन घरे अनधिकृतपणे पाणी घेतात. ते मुदतीत थांबवावे, अन्यथा जोडणी तोडण्यात येईल. म्हणजे पाचही जणी अडचणीत होत्या तोवर कोणी चोर नव्हतं. तिघींचं भागलं आणि आजी आणि रंजू पाणीचोर झाल्या. सवलत म्हणजे काय ते मी तेव्हा शिकले. सवलतीला कडा असतात, आणि कोणीतरी त्या कडेच्या बाहेर उभं असतंच.

सुमनबाईंना मी नोटीस वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "मंग मी म्हातारीले काय सांगू? तहान लागली तं साहेबाले इचारून ये?" दुसऱ्या दिवशी नळ आला तेव्हा पहिला हंडा त्यांनी आजीचा लावला, दुसरा रंजूचा. रंजू लावू देत नव्हती. "माह्यामुळे तुमचा जाईन," म्हणाली. सुमनबाईंनी तिच्या हातातून हंडा ओढून घेतला. तो आवाज परसात ऐकू आला. काकांनी ऐकला.

त्यांनी पुढची तयारी सुरू केली. साहेबांना पुन्हा बोलवायचं, यावेळी दोनच घरी. आजीकडे आंबील, रंजूकडे मुगाची खिचडी. "हलकं," ते म्हणत राहिले. "यावेळेस सारं हलकं." काकू म्हणाल्या, आंबील काय साहेबाले पाजतात? काका म्हणाले, साहेबाले पाजत नाई म्हून तं त्याइले चुली दिसत नाई.

दिवस मागायला ते जाणार होते. धुतलेला सदरा घालून परसात खुर्चीवर बसले, बूट घालायला वाकले, आणि तसेच राहिले. खुर्ची पडली नाही. चांगली खुर्ची होती. काकू बऱ्याच वेळाने मला हाक मारायला आल्या. एरवी काय ते त्या जिन्याखालूनच सांगत, त्या दिवशी म्हणाल्या, "खाली ये." एवढ्यावरूनच मला कळलं.

तेरवीसाठी मुलगा नागपूरहून आला होता. समजूतदार माणूस, घाईत असलेला. यादी त्यानेच केली, नातेवाईक, गल्ली, बाजारातले. वस्तीचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "त्यांना एक निरोप देऊन ठेवू. भांड्यांना बायका लागतीलच."

हे खरं होतं. काकांच्या इतक्या पंगती झाल्या, त्या प्रत्येकीची भांडी या वस्तीतल्या बायकांनी घासली. पंगतीत बसायचं आवतन त्यांना कधी नव्हतं. काकांनीही दिलं नव्हतं. पंगत दुसऱ्याची, भांडी आपली, असं ते म्हणायचे.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. "एक निरोप नाई," त्या म्हणाल्या. "चूलबंद. दारोदार. अन् भांडे राहू दे तसेच. कोनी घासन नाई तं मी घासीन."

"आई, लोक काय म्हणतील?"

"जेवतीन अन् जातीन. अजून काय करते लोक?"

आवतन द्यायला त्यांनी मला पाठवलं. मी पाच दारांसमोर उभी राहिले आणि पाचही वेळा तेच म्हटलं, उद्या चूल पेटवू नका. मी हजारो पत्रकं वाटली आहेत. इतकं लहान वाक्य त्यात कधी नव्हतं. आजीने दोनदा विचारलं, "चूलबंद? आमाले?" रंजूने लेकराचं नाक पुसलं.

साहेबांनाही आवतन काकूंनीच दिलं होतं. ते आले. मांडव दुसऱ्याचा, भाड्याचा. काकूंना त्याच्या दोऱ्या ढिल्या वाटल्या आणि त्यांनी ते मुलाला सांगितलं. सकाळी नळाचं नवं बिल आलं होतं, काकांच्या नावाने. अत्यल्प वापर. घरातला एक माणूस कमी झाला होता, बिल तेवढंच होतं. काकूंनी ते घडी करून काकांच्या खुर्चीवर ठेवलं, आणि वर एक ग्लास.

पंगत बसली. वस्तीतल्या बायका एका रांगेत, लेकरं मांडीवर. समोरच्या रांगेत बाजारातले लोक, त्यांच्यात साहेब, आणि पत्रावळ मांडली गेली ती नेमकी आजीच्या समोर. आजीने त्यांना ओळखलं. पहिला घास घेण्याआधी तिने विचारलं, आणि तिचा आवाज सगळ्या पंगतीला ऐकू गेला.

"साहेब, आज तरी हाय का पोटात जागा?"

हसू फुटलं. तिसऱ्या घरची बाई जास्त हसली. साहेबही हसले, मग हसणं थांबलं आणि ते पत्रावळीकडे बघत राहिले. वाढपी वरण घेऊन आला तेव्हा त्यांनी पत्रावळीवर हात धरला. भात आला तेव्हाही. लोकांना वाटलं तब्येत बरी नाही. काकू लांबून बघत होत्या.

पंगत उठली. हात धुवायच्या जागी साहेब ग्लास घेऊन आजीच्या मागे उभे होते. नोटिशीची मुदत जवळ आली होती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, सही त्यांच्याच वरिष्ठांची होती.

"आजी, उद्या चूल पेटेल ना?"

"पेटन नं. काऊन?"

"येतो मी. रंजूताईंकडेही येतो. सकाळपासून काही खाणार नाही."

आजीने हात पदराला पुसले. त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, जसं बाजारात भाव सांगणाऱ्याकडे पाहतात. मग मागे वळून रंजूला हाक मारली.

"वो पोरी. उद्या पह्यले तुह्या घरी बसवजो. अन् हलकंच कर."